पळापळीची वही

गुरुजींच्या घराची सगळी दारं बाहेर उघडायची. नवीन माणूस आला की दार आत ढकलायचा. ते हलायचं नाही. तेवढ्यात आतून कुणीतरी बाहेर यायचं आणि दार त्या माणसाच्या कपाळावर बसायचं. आमच्या ह्यांना पहिल्याच दिवशी बसलं. आतून गुरुजी म्हणाले, "दार लागलं तर टेंगूळ येतं. दार अडकलं तर माणूस येत नाही." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मी सुमीला पदराखाली घेऊन पायरीच्या खाली उभी होते आणि ही खोली तरी मिळते का नाही, या काळजीत होते.

खोली लातूरला, क्लासच्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत. आमचे हे एका झेरॉक्सच्या दुकानात क्लासच्या नोट्स छापून बांधायचं काम करत. भूकंप होऊन काही वर्षं झाली होती. चारी बाजूंनी माणसं पोरांना डॉक्टर-इंजिनियर करायला लातूरला आणत होती आणि खोलीसाठी दारोदार फिरत होती. तरी गुरुजींकडची एखादी खोली कायम रिकामी असायची. त्याला कारण गुरुजी.

वर पत्रे. एप्रिलात दुपारी आत बसलं तर माणूस भाजून निघेल. शेजारी चार-चार मजले चढत होते, पण गुरुजी स्लॅबचं नाव काढू देत नसत. भिंतीला कंबरेच्या वर खिळा ठोकायचा नाही, फळी लावायची नाही. पिठाचा डबा, ट्रंक, देव, सगळे खाली. दारांना आतून कडी नव्हती. सुताराने लावलेल्या कड्या गुरुजींनी स्वतः बसून काढल्या होत्या. त्याऐवजी सुतळी होती, ओढली की सुटणारी. मुलींचे आईबाप यायचे, कडी कुठं आहे विचारायचे आणि तसेच परत जायचे.

भाडेकरूला लोक नोकरी विचारतात, जात विचारतात. गुरुजी एकच गोष्ट विचारायचे. त्यांनी ह्यांना समोर बसवलं, शाळेत असतं तसलं हजेरीचं लांब बुक मांडीवर घेतलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"घर हललं. बाहेर पळायचं आहे. आधी काय उचलणार?"

"पोरगी. आणि ही," हे म्हणाले.

गुरुजींनी लिहिलं. "आता बाईंनी सांगावं."

"तिचं बी तेच की."

"तुम्हाला नाही विचारलं."

मला परक्या माणसासमोर बोलता येत नाही. माहेरी रेणापूरकडे आमच्या गावात चौथीपर्यंत शाळा होती, तिथंही मी हजेरीला नुसता हात वर करायची. मी म्हणाले, "सुमीला." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तसंच म्हणाले.

"सगळे असंच सांगतात," गुरुजी म्हणाले. "म्हणून मी हे पेन्सिलीनं लिहितो."

शाईनं काय लिहायचं ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. गुरुजींच्या खिडकीत एक स्टीलचा पेला उपडा ठेवलेला असायचा आणि त्याच्यावर पितळेची लोटी. जमीन जरा हलली की लोटी खाली पडायची. भूकंपानंतर पुष्कळ घरांत असं करून ठेवत होते. पुढं लोक विसरले, पेले पाणी प्यायला गेले. गुरुजींची लोटी मात्र तिथंच राहिली. ती खडी भरलेल्या ट्रकनं पडायची, पाण्याच्या टँकरनं पडायची, एकदा मांजरानं पाडली. पडली की गुरुजी ओरडायचे, "बाहेर", आणि आठही खोल्या अंगणात. मग ते लिंबाच्या झाडाखाली उभे राहून बुक उघडायचे आणि हजेरी घ्यायचे. खोली, नाव, हातात काय, बरोबर कोण, आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना. तो बहुतेक कोराच असायचा. ही त्यांची पळापळीची वही.

"पळताना माणूस खोटं बोलत नाही," ते म्हणायचे.

यावर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपाशी बसून म्हणायच्या, "त्यायला सांग, पळून आल्यावर बोलतो."

हे काकूंनी गुरुजींना म्हटलेलं नसायचं. मला म्हटलेलं असायचं, किंवा जो कुणी मधे उभा असेल त्याला. ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. काकू म्हणायच्या, "त्यायला सांग, च्या झालाय," आणि गुरुजी हातभर अंतरावर बसलेले असायचे. गुरुजी म्हणायचे, "यांना सांगा, साखर कमी आहे." आपण सांगायचं. नुसतं पुटपुटून चालायचं नाही. काकू म्हणायच्या, "मोठ्यानं सांग. त्यायला कमी ऐकू येतं." गुरुजींना काही कमी ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या खोलीत चमचा पडला तरी ते इकडून मान वर करायचे. पण काकूंचा हट्ट होता आणि गुरुजींनी कधी, मला ऐकू येतं, असं म्हटलं नाही. घरात कुणीच नसलं तर काकू मांजराला सांगायच्या. आमची सुमी बोलायला लागली तेव्हा तिचं पहिलं सबंध वाक्य "त्यायला सांग" हे होतं. मला हसू येण्याऐवजी रडू आलं.

आणि तरी काकूंनी तव्यावरची भाकरी कधी टोपलीत ठेवली नाही. ती थेट गुरुजींच्या ताटात जायची. काकूंचा डावा हात कोपरात सरळ होत नसे, दीड हातानं त्या भाकरी थापायच्या. एकदा मी भीत भीत म्हणाले, "काकू, नुसतं बोललात तर?" त्या म्हणाल्या, "बोलणाऱ्यांची भांडणं तू रोज ऐकायलीस की. आमचं ऐकलीस का कधी?" हे खरं होतं. आठ खोल्यांत तेवढं एकच जोडपं भांडत नव्हतं.

गुरुजींचं आणखी एक होतं. शाळेत आयुष्य गेलेला माणूस, पण हातात घड्याळ नाही. सारखं याला त्याला विचारायचे, किती वाजले. घड्याळ होतं. ते कमरेइतक्या उंचीवरच्या एकुलत्या एक खिळ्याला टांगलेलं, बंद पडलेलं. त्याला किल्ली कुणी द्यायची नाही.

काकूंनीच मला एकदा गहू निवडताना सांगितलं की ती दोघं भूकंपाच्या वेळी किल्लारीकडच्या एका गावात होती. गुरुजी तिथं शाळेवर होते. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली. गुरुजी हजेरी घ्यायचे. ज्या नावाला कुणी हजर म्हणायचं नाही, तिथं थांबायचे. पुढं जायचेच नाहीत. पोरं घरी निघून जायची तरी हे बुक धरून उभे. मग मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. काकू एवढं बोलल्या आणि सूप झटकून उठल्या. स्वतःचं काहीच सांगितलं नाही.

वहीत लिहिलेलं गुरुजी लपवून ठेवत नसत. हीच मोठी पंचाईत होती. कोपऱ्यातल्या खोलीत एक कंपाउंडर आणि त्याची बायको राहायची. गोड जोडपं. तो तिला सायकलवर बसवून बाजाराला न्यायचा. एका टँकरच्या वेळी तो रेडिओ छातीशी धरून बाहेर आला. बायको मागून आली. महिनाभरानं दोघांचं काहीतरी वाजलं, तो म्हणाला, "तुझ्यासाठी जीव टाकायलोय मी." गुरुजी लिंबाखाली बसलेले. त्यांनी बुक उघडून, हजेरी वाचावी तशा आवाजात वाचलं, "खोली पाच. हातात रेडिओ. बरोबर कोणी नाही." ती बाई त्याच दिवशी माहेरी औशाला गेली आणि पोळा झाल्यावर आली. येताना नवीन रेडिओ घेऊन आली. म्हणाली, आता दोन आहेत, एक त्यांनी उचलावा, एक मी उचलते.

क्लासची पोरं असायची. उदगीरचा एक आणि धर्माबादचा एक, एका खोलीत, एका ताटात जेवायची. माझ्याकडूनच डबा घ्यायची. लोटी पडली तेव्हा उदगीरचा बाहेर आला तो धर्माबादच्याच्या नोट्स घेऊन. धर्माबादचा आत न्हाणीत होता, टॉवेलवर आला. गुरुजींनी ते तांबड्या शाईनं लिहिलं. म्हणाले, "दोस्ती करावी, पण आपला पेपर ज्या विषयाचा त्या विषयात करू नये." पुढं दोघंही डॉक्टर झाले असं ऐकलं. डब्याला येणं मात्र त्यांनी वेगवेगळं केलं.

आता माझं लिहिते.

सुमी दीड वर्षाची होती. दुपारची वेळ. मी तेव्हा बारा डबे करायची. कणीक मळून झाली होती, सुमी झोळीत झोपली होती, हे दुकानात. गुरुजींची लोटी पडली आणि वरचे पत्रे थडथडायला लागले. "बाहेर." मी पळाले. लिंबाखाली येऊन उभी राहिले. वाचलो असं वाटत होतं. पत्रे वाजतच होते. गुरुजींनी बुक उघडलं. खोली एक झाली, दोन झाली.

"खोली तीन. बरोबर कोण?"

मी हाताकडे बघितलं. हातात परात होती. परातीत कणकेचा गोळा.

परात तिथंच टाकली आणि आत गेले. सुमी झोळीत तशीच झोपलेली होती, तोंडात अंगठा. तिला घेऊन बाहेर आले तेव्हा लोक हसत होते. शेजारच्या प्लॉटवर बोअर पाडायची गाडी लागली होती, तिनं सगळं हलत होतं. भूकंप नव्हताच. काहीही झालं नव्हतं. माझं कुणाला दिसलंही नसेल, कारण अशा वेळी जो तो आपापल्या हातात काय आहे ते बघत असतो. काकूंनी तेवढं बघितलं. त्यांनी मातीतला गोळा उचलला, फुंकला आणि माझ्या परातीत ठेवला. "वरचं काढून टाक," म्हणाल्या, "आतलं चांगलं हाय." त्याच कणकेचे मी त्या दिवशी डबे केले.

बोअरच होता म्हटल्यावर मी परत गेले त्यात काही नव्हतं. पळून आले त्यात मात्र सगळं होतं. आई म्हणून मला विचारलं होतं, मी सुमीला म्हणून सांगितलं होतं, आणि हात गेला तो परातीकडे. ते गुरुजींनी लिहिलं होतं. त्यांना पेनाची टोपी लावताना मी बघितलं होतं.

त्या दिवसापासून ती वही कुठं आहे हे मला मिठाच्या बरणीपेक्षा जास्त माहीत असायचं. उशाला आहे, लिंबाखाली आहे, काखेत आहे. ह्यांच्याशी गुरुजी बोलत उभे राहिले की माझी भाजी लागायची. सासूबाई गावाहून आल्या की मी त्यांना अंगणात बसूच द्यायची नाही. गुरुजी सगळ्यांचं वाचायचे. माझं कधी वाचलं नाही. एकदा वाचून मोकळे झाले असते तर बरं, असं वाटायचं, आणि वाचलं तर काय, असंही वाटायचं.

सुमी तीन वर्षांची असताना पायरीवरून पडली, हनुवटी फुटली. हे नेमके घरी होते. सगळ्या अंगणासमोर म्हणाले, "तुझं ध्यान कुठं असतंय? एक पोरगी सांभाळणं होत न्हाई तुला?" गुरुजी म्हणाले, "यांना सांगा, वही द्या." काकूंनी वही माझ्याच हातात दिली. मी ती गुरुजींपर्यंत नेली. दहा पावलं असतील. संपलं आता, असं म्हणत नेली. गुरुजींनी पानं उलटली.

"खोली तीन. यजमान. रविवार, सकाळ, खराच धक्का. हातात काही नाही. पायात चपला, दोन्हींचे पट्टे लावलेले. बायको आणि मुलगी मागून."

 दुसऱ्या दिवशी हे दुकानात अनवाणी गेले. चार दिवस तसेच जात राहिले, पाचव्या दिवशी काच लागली तेव्हा घातल्या चपला. मला त्यांचा राग आला नाही. पट्टे लावायला जेवढा वेळ लागतो तेवढा तरी ते आत थांबले होते. मी तेवढीही थांबले नव्हते. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

पुढं तर आणखी अवघड झालं. सुमीला गुरुजींचा लळा. त्यांच्या मांडीवर बसून ती अक्षरं शिकली, आणि पाटी-पुस्तक सोडून कशावर, तर त्या वहीवर. तिनं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द "रेडिओ". मी आतून हाका मारायची. सुमे, दूध पी. सुमे, वेणी घाल. सुमे, बघ ग बाहेर कोण आलंय. गुरुजी माझ्याकडे बघायचे आणि पान उलटायचे. ते मुद्दाम उलटायचे का आपसूक, हे मला कधी कळलं नाही.

वर्षं गेली. लोटी पडायची थांबली नाही, पण लोक पळायचे थांबले. नवी पोरं कानात वायर घालून बसायची, त्यांना ओरडलेलं ऐकूच जायचं नाही. गुरुजी एकटेच लिंबाखाली उभे राहून सात-आठ नावं पुकारायचे. मी मात्र दर वेळी जायची. सुमीला दंडाला धरून न्यायची, ती शाळेत जायला लागली तरी, ती माझ्याएवढी झाली तरी. "आई, ट्रक आहे गं," ती म्हणायची. मी म्हणायची, असू दे. गुरुजी विचारायचे, "सुमीची आई, बरोबर कोण?" मी म्हणायची, "सुमी." आणि तरी ते आधीचं पुसलं जात नव्हतं.

सुमी बारावीला गेली त्या पावसाळ्यात गुरुजींना ताप भरला. रिक्षात बसवताना ते मला म्हणाले, "यांना सांगा, वह्या रद्दीत घालू नका." काकू शेजारी उभ्याच होत्या. मी सांगितलं. दवाखान्यात त्यांना तिसऱ्या मजल्यावर ठेवलं, स्लॅबखाली. त्यांनी खाट दाराजवळ ओढून घ्यायला लावली एवढंच. चौथ्या दिवशी गेले.

त्यांचा मुलगा नांदेडला बँकेत आहे, तेरावं होईपर्यंत तो इथंच राहिला. शांत, चांगला माणूस. जागा विकायची, आईला नांदेडला न्यायचं, असं ठरलं. घेणारा इथं पाच मजल्यांचं मुलांचं होस्टेल बांधणार होता. मुलगा एजंटाकडे गेला आणि आम्ही भाडेकरू सामान आवरायला लागलो. वह्या निघाल्या. चार होत्या. माझ्या आधी सुमी तिथं पोचली.

ती जोत्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागली. "खोली पाच, रेडिओ." सगळे हसले. कंपाउंडरची बायको सर्वांत जास्त हसली. "खोली सात, लोणच्याची बरणी. खोली दोन, मित्राच्या नोट्स, तांबडी शाई." मी दारात उभी होते. हातात काकूंची भांडी होती. सुमे, हे धर, असं म्हणायचं होतं. तिनं पान उलटलं.

"खोली तीन." ती हसली. "आपणच की. सुमीची आई. पेन्सिलीनं: मुलगी. शाईनं: कणकेची परात. बरोबर कोण: मुलगी आत."

मी भांडी छातीशी घट्ट धरली. 

"शेरा आहे इथं," सुमी म्हणाली. "पत्रे वाजत होते. बोअर आहे हे कोणालाही माहीत नव्हते. परत गेली."

तिनं वर बघितलं. "मी कुठं होते?"

"झोळीत."

"झोपलेली?"

"हां."

"मग मला उठवून न्यायचं तुझ्या जिवावर आलं असंल," ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं. "खोली चार, इस्त्री."

मी भांडी खाली ठेवली. सोळा वर्षं मी ज्याला भ्याले ते एवढंच होतं. आणि मी परत गेले तेव्हा पत्रे अजून वाजत होते, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी पळाले तेवढं धरून बसले होते. परत गेले ते गुरुजींनी धरून ठेवलं होतं. मी नंतर चारही वह्या चाळल्या. "परत गेली" असं दुसऱ्या कुणापुढं लिहिलेलं मला सापडलं नाही. एक जागा सोडून, आणि तिथंही ते तसं नाही.

ती जागा काकूंनी दाखवली. इतका वेळ त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुमे, वह्या ठेव. सगळ्यायला च्या कर जा." मग मला म्हणाल्या, "सगळ्यात जुनी हाय ती घे. पयलं पान."

"सुमी चांगलं वाचती काकू, तिलाच बोलवू का?"

"तिचं भरभर असतंय. तू हळू वाचतीस. मला हळूच पायजे." मग म्हणाल्या, "सगळ्या दुनियेचं लिहिले. माझं लिहिले का, बघ."

काकूंना अक्षरओळख नव्हती. इतकी वर्षं ती वही त्यांच्या उशाशेजारी होती.

जुन्या वहीचा पुठ्ठा फुगलेला होता. पहिल्या पानावर भाडेकरू नव्हते. एकच ओळ होती, सगळी शाईनं. पेन्सिलीचा रकाना कोरा होता. त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

मी वाचायला लागले. "नाव: मी स्वतः. हातात: घड्याळ."

 मी खिळ्यावरच्या घड्याळाकडे बघायचं टाळलं.

"बरोबर: कोणी नाही."

"पुढं."

"शेरा." पुढचं मी आधी मनात वाचलं आणि वाचून थांबले. गाळून वाचलं तर काकूंना कळणार नव्हतं. मी गाळणार होते, खरं सांगते. पण माझं एक त्यांनी लिहिलेलं तसंच्या तसं वाचलं गेलं होतं आणि मी अजून उभी होते.

"पत्नी आत. हाक आली. दोनदा. परत गेलो नाही."

काकूंनी डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला.

"तीनदा दिली होती," त्या म्हणाल्या. "तिसरी बारीक होती. ती ऐकू गेली नसंल त्यायला."

बाहेर सुमी स्टोव्हला पंप मारत होती.

"लोकायनी काढलं मला, दिवस उजाडल्यावर. हे समोर आले. म्हणले, तुझी हाक ऐकूच आली न्हाई मला. मी म्हणलं, बरं. ऐकू येत न्हाई म्हणलं तर मग बोलायचं कशाला." त्या वहीकडे बघत होत्या, अक्षर येत असल्यासारख्या. "लिहिलेत का पण? हाक आली म्हणून? तसंच?"

"तसंच."

"बोट ठेव."

मी त्या दोन शब्दांखाली बोट ठेवलं. त्यांनी आपलं बोट माझ्या बोटाच्या जागी ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. चहाचा वास यायला लागला.

मग त्या म्हणाल्या, "त्यायला सांग."

गुरुजींचा फोटो त्यांच्या नियमाप्रमाणे भिंतीवर नव्हता. खाली पाटावर ठेवलेला होता, हार घालून. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"काय सांगू?"

"म्हणावं, वाचलं."

मी पदर सारखा केला. "गुरुजी," मी म्हणाले, "काकू म्हणतात, वाचलं."

"मोठ्यानं म्हण," मागून काकू म्हणाल्या. "त्यायला कमी ऐकू येतं."